तोल या नावाखाली

रात्री साडेअकराला, गणपती पेठेतल्या भाड्याच्या खोलीत
कंपायलर म्हणाला, असलं फंक्शन सापडत नाही.
अरे, आप्पांचं आहे की.
वीस ओळी वर. बघ तरी.

आप्पा म्हणजे बाबगोंडा आदगोंडा मगदूम,
मार्केट यार्डात एकतीस वर्षं तोलाईदार.
त्यांना पोतं तोलता यायचं,
बारदान वजा, ओल वजा;
हळकुंड तोलता यायचं, कानाशी मोडून:
"अजून दोन उन्हं पायजे हुती हिला";
आणि माणूसही.
अडत्या "उद्या देतो" म्हणाला, की तो उद्या
किती दिवसांचा, ते काट्याविना सांगायचे.
नाव एकच, तोल.
पुढ्यात काय आलं त्यावरून
त्यांचं त्यांना कळायचं, कुठला काढायचा.

मी त्यांचा क्लास लिहिला. त्याखाली माझा.
सातबाऱ्यावर वारस लागायला तलाठ्याकडे
आठ खेपा झाल्या होत्या,
इथे दोन टिंबं पुरली.
मग माझ्या क्लासात एकच फंक्शन घातलं:
तोल, इलेक्ट्रॉनिक काट्यावरून येणारा
दशांश आकडा घेणारं.
एकच.

तेवढ्यानं आप्पांचे तिन्ही गेले.

गेले म्हणजे पुसले नाहीत,
हे कळायला दीड तास लागला.
कंपायलर फक्त नाव विचारत येतो.
पहिल्याच दारावर तशी पाटी दिसली की थांबला.
हातातलं पोतं ह्या दारातून आत जाईल का,
हे त्यानंतर.
आणि नाही गेलं तर
पोतं रस्त्यात टाकून ओरडतो,
मागच्या घराची कडी वाजवत नाही.

हरिपूरला पेव उघडताना पाहिलं होतं, सहावीत असताना.
वर नुसतं गवत, एक शेळी बांधलेली.
तोंडावरची माती काढली, आणि सगळे लांब जाऊन बसले
दुपारपर्यंत. आतली कोंडलेली हवा निघायला.
मग दोरीनं कंदील सोडला.
तो विझला नाही, तेव्हा माणूस.
"माती हळद खाईत न्हाई," आप्पा म्हणाले,
"दिसू देत न्हाई, एवढंच."

चार टिंबांनी भागतं, पुस्तकात दिलंय.
आधी आप्पांचं नाव, मग चार टिंबं, मग तोल.
माझ्या नावात ते असतंच मध्ये,
रेशनकार्डापासून पासपोर्टपर्यंत:
त्रिशला बाबगोंडा मगदूम.
पण दर हाकेला पूर्ण नाव कोण घेतं?

शेणगे अडत्यांच्या गाळ्यावर काटा बसवायला गेले,
तर म्हणाले, बाबगोंडाची न्हवं का तू?
मग सांग बघू, हे किती भरंल?
त्यांच्या बाजूनं बघितलं की माझं फंक्शन नसतंच.
हाक मला येते, उठून उत्तर द्यायला आप्पा.
मी अंदाज सांगितला.
साडेचार किलोनं चुकला.

गेल्या दिवाळीपासून जिना उतरताना
आप्पांचा तोल जातो.
हा चौथा मी क्लासात घेतला नाही.

पावणेदोनला ती ओळ लिहिली,
आप्पांकडचे सगळे तोल माझ्याकडेही चालतील, अशी.
एकही चूक नाही.
सगळं सापडलं.

सकाळी फोन केला.
आप्पा, ओलीला किती टक्के धरायचे?
पलीकडे कपबशीचा आवाज, मग बराच वेळ काही नाही.
"ते काय आकड्यात असतंय व्हय?
हातात घिऊन बघ की."

तर त्या तीन फंक्शनांचं असं आहे:
नावं आहेत, कंसात काय घ्यायचं ते आहे.
मधली जागा रिकामी.
तिन्ही शून्य परत करतात,
तात्पुरतं.
बॅगेच्या पुढच्या कप्प्यात
एक हळकुंड ठेवलंय, न मोडलेलं.